तीन एकर साठ गुंठे

सत्तरच्या दशकात मी कॉम्प्युटरच्या कामात होते असं सांगितलं की लोक आधी विचारतात, "तो दिसायला कसा होता हो?" खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मी तो पाहिलाच नव्हता. तो पुण्यात होता आणि मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेती ऑफिसात. नवऱ्याचं तोंड न बघता नांदायला गेलेल्या आमच्या आज्यांसारखंच माझं झालं होतं. संसार सुरू, आणि धनी कसा आहे ते ऐकूनच माहीत.

माझं नाव सुमन मगदूम. आमच्या आप्पांचं माधवनगरला, गिरणीच्या वाटेवर धान्याचं दुकान होतं. मॅट्रिकनंतर मी टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या आणि त्या जोरावर कारखान्यात पंच ऑपरेटर म्हणून लागले. पुढे तिथंच बढत्या मिळाल्या, निवृत्त झाले, आणि आता साताऱ्यात राहते. सगळी नोकरी सांगत बसले तर तुमची दिवाळी संपेल. म्हणून एकाच हंगामाची गोष्ट सांगते. आणीबाणी उठल्यानंतरचा तो पहिला हंगाम होता.

आधी आमचा धंदा समजून घ्या. शेतकरी उसाची लागण करतो आणि कारखान्याकडे तिची नोंद देतो. ती नोंद घ्यायला चिटबॉय येतो. नावात बॉय असला तरी आमचे सगळे चिटबॉय चाळिशी ओलांडलेले, सायकलवर टोपली बांधून गावोगाव फिरणारे गृहस्थ होते. पावतीवर ते गाव, खातेदाराचं नाव, उसाची जात, लागणीची तारीख आणि क्षेत्र लिहीत. क्षेत्र एकर-गुंठ्यांत. चाळीस गुंठ्यांचा एकर, हे आमच्याकडे पोराला शाळेत घालायच्या आधीच कळलेलं असतं. या पावत्यांवरून कुठल्या गावात किती ऊस उभा आहे ते ठरायचं, आणि त्या मानानं त्या गावाला ऊसतोडीच्या टोळ्या मिळायच्या. टोळ्या कमी पडल्या की तोड लांबते, उसाला तुरा येतो, वजन घटतं. आणि कारखाना बंद झाला तरी फडात ऊस उभा राहिला, तर तो गुरांपुढं टाकायचा नाहीतर पेटवून द्यायचा. वर्षाची मेहनत, दुसरं काही नाही.

पूर्वी ही बेरीज कारकून रजिस्टरात करत. मग संचालकांना कुणीतरी पुण्यातल्या कॉम्प्युटरचं वेड लावलं. शेती ऑफिसच्या एका कोपऱ्यात प्लायवूडचं पार्टिशन मारून पंचरूम झाली. आत दोन मशीनं, मी आणि शैला. मी पावती बघून टाइप करायची, की मशीन पोस्टकार्डाहून लांबट अशा जाड कार्डावर भोकं पाडायचं. कार्डाला ऐंशी उभे रकाने. सात टाइप केला की त्या रकान्यात सातव्या जागी भोक. क्षेत्राला चार रकाने होते. दोन एकराचे, दोन गुंठ्यांचे. दोन एकर तीस गुंठे म्हणजे शून्य, दोन, तीन, शून्य. नंतर तीच पावती शैला दुसऱ्या मशीनवर पुन्हा टाइप करायची. माझ्या भोकाशी तिचं बोट जुळलं नाही की मशीन अडून बसायचं आणि लाल दिवा लागायचा. जुळलं तर कार्डाच्या कडेला खाच पडायची. खाचेची कार्डं खोक्यात भरून पुण्याला जात आणि तिकडून छापलेल्या कागदांबरोबर परत येत.

आमचे शेती अधिकारी पवारसाहेब. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता, "दिसेल ते मारायचं. डोकं चालवायचं नाही." नियम वाईट नव्हता. चुकलेल्या पावतीपेक्षा ऑपरेटरच्या हुशारीनं 'सुधारलेली' पावती जास्त घोटाळा करते, हे मी पुढं स्वतः अनुभवलं. पण त्या नियमाखाली बसून माणूस डोळेसुद्धा मिटायला शिकतो, हे तेव्हा कळलं नाही.

जूनमध्ये पहिली यादी आली. ओळ न ओळ पावतीशी ताडून बघायची, एवढंच आमचं काम. ओळी बरोबर होत्या. एका खातेदाराच्या दोन पट्ट्या होत्या, एक दोन एकर तीस गुंठ्यांची आणि दुसरी एक एकर तीस गुंठ्यांची. खाली मशीननं बेरीज छापली होती, ३.६०.

तीन एकर साठ गुंठे! मी शैलाला दाखवलं.

"बेरीज आपल्याकडं हाय का तपासायला?" ती म्हणाली. "न्हाई न्हवं? मग पान उलट."

मी पान उलटलं. नोकरी हंगामी होती, सहा महिन्यांची ऑर्डर संपत आली होती, आणि पुण्याच्या मशीनला चूक म्हणायला मी कोण लागून गेले होते? मनाशी म्हटलं, त्यांची काहीतरी लिहायची पद्धत असेल. पण ते साठ गुंठे पायात मोडलेल्या कुसळासारखे आत राहिले. चालताना टोचायचे, बघायला गेलं की दिसायचे नाहीत.

दिवाळीनंतर ऑफिसात एक परिपत्रक आलं. पुण्याची ती संस्था आमच्यासारख्या कारखान्यांच्या नोकरांसाठी दर रविवारी साताऱ्यात वर्ग घेणार होती. कॉम्प्युटरची रचना काय, त्यात आकडे कसे राहतात, अशी मूळ माहिती. सातारा मध्यावर, म्हणून तिथं. साहेबांनी दोन कारकुनांची नावं दिली. मी आत जाऊन माझं नाव घाला म्हटलं.

"तुम्ही कशाला? तुम्हाला पंचिंग येतंय की."

"पंचिंग येतंय. त्याचं पुढं काय होतं ते येत नाही."

"कारखाना भाडं देणार नाही."

"रविवार माझा आहे, साहेब. भाडंही माझंच."

त्यांनी नाव घातलं. बहुधा दोन रविवारांत गळेल असं वाटून. गळाले ते दोन कारकून. एकाची सासुरवाडी साताऱ्याजवळ मेढ्याला होती, त्याचे रविवार तिकडं सत्कारणी लागू लागले.

मी पहाटेची एसटी पकडायची. परत येईपर्यंत दिवस मावळलेला असायचा, आणि आम्ही जैन, आमच्या घरात दिवस मावळल्यावर चूल नाही की ताट नाही. त्यामुळं रविवारी मला सकाळचा डबा तेवढाच. आईनं दोन-तीनदा बजावलं, "उपाशी राहून कसलं गं शिक्षण?" मी म्हटलं, महिन्यातून चार उपास जास्त घडले समज, पुण्य तुझ्या नावावर.

वर्ग एका शाळेत भरायचा. शिकवायला पुण्याचे कर्णिक. आमच्या कारखान्याचा प्रोग्रॅम, म्हणजे मशीननं काय काय करायचं त्याची लेखी हुकूमयादी, त्यांनीच लिहिली होती. उंच, चष्मा, खडूची धूळ बाहीवर पडली की झटकल्याशिवाय पुढं बोलायचे नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर पाच चौकोन काढले आणि इंग्रजी नावं दिली. मी वहीत शेजारी आमच्या कारखान्यातली नावं लिहिली. कार्डं आत घेतात ती उसाच्या मोळ्या टाकायची गव्हाण. आकडे ठेवतात ते गोदाम, प्रत्येक कप्प्याला नंबर. बेरीज-वजाबाकी होते तो घाणा. छापून बाहेर पडतात ती पोती. पाचवा चौकोन नियंत्रणाचा, तो मुकादम. स्वतः उसाला हात लावत नाही, पण आता कोण काय उचलणार हे त्याच्या ओरडण्यावर चालतं.

कर्णिकांनी वही पाहिली. चष्मा वर केला. "मिस मगदूम, हे चुकीचं नाही," ते म्हणाले. त्यांच्याकडून यापेक्षा मोठं कौतुक पुढं कधी मिळालं नाही.

पण दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी गाडी रुतली. मशीनच्या आत एकपासून नऊपर्यंतचे आकडे नसतातच, फक्त 'आहे' आणि 'नाही' असतं, एक आणि शून्य, आणि त्या दोन चिन्हांत सगळे आकडे मांडतात, हे मला काही केल्या उतरेना. तेरा म्हणजे एक-एक-शून्य-एक. पाठ केलं की यायचं, वही मिटली की जायचं. बेरजेचा हातचा तर त्याहून वाईट. एक आणि एक मिळून शून्य, हातचा एक! वर्गातले सगळे माना डोलवत होते, म्हणून मीही डोलवली. पण पाठांतराला मी शिकणं म्हणत नाही. समजल्याशिवाय सोडायचं नाही असं ठरवून वही रोज दुकानात नेऊन बसायची.

जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास, सुभेदार निकम कारखान्यात आले. कुंडलच्या बाजूच्या एका गावचे. फौजेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली, तरी चालणं कवायतीचं. गावातली पंधरा-वीस माणसं मागं उभी. पार्टिशन प्लायवूडचं असल्यामुळं आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"सायेब, मागल्या साली गावाला टोळ्या आठ व्हत्या. औंदा लागण वाढली आन् टोळ्या सा. ह्यो कुठला हिसाब?"

"क्षेत्र मशीननं काढलंय, सुभेदार. पाचशे साठ एकर बारा गुंठे. त्यात माणसाचा हात नाही."

"मग कुनाचा पाय हाय?" मागची माणसं हसली, सुभेदार हसले नाहीत. "आवं, म्या तोफखान्यात व्हतो. अंतर चुकलं तर गोळा आपल्याच मान्सावर पडतोय. आकडा कागदावर नसतोय सायेब, जमिनीवर असतोय. आमचं शिवार म्या पायानं मोजलंय. साडेसाशेच्या खाली न्हाईच. तुमी चला, दाखवतो."

"अहो, एकेक गाव मोजत बसलो तर हंगाम संपेल."

"हंगाम संपला तर ऊस आमचा जळंल, तुमचा न्हाई."

ते गेल्यावर पवारसाहेबांनी पुण्याला फोन लावला. अर्ध्या तासानं पंचरूममध्ये आले. "कर्णिक म्हणतात, मशीन बेरजेत चुकत नाही. म्हणजे चूक पंचिंगची. सोमवारपर्यंत शोधून द्या. नाही सापडली तर टोळ्या आहेत तशा राहतील, आणि ही खोली बंद करून रजिस्टरं परत चालू करायची. मंडळाला मी काय तोंड दाखवू?"

त्यांचाही इलाज नव्हता. टोळ्या मोजक्या. एका गावाला द्यायच्या तर दुसऱ्याच्या काढायच्या, आणि काढायला कारण लागतं. पण शैलाचे डोळे भरले. तिच्या घरात तिचा पगार हाच एक पगार होता.

सुभेदारांच्या गावची चारशे कार्डं आम्ही पुन्हा काढली. तीन दिवस पावती आणि कार्ड, पावती आणि कार्ड. एकही लाल दिवा लागला नाही. आमची बोटं बरोबर होती. मग सुभेदारांच्या हिशेबानं निदान नव्वद एकर ऊस गेला कुठं?

शुक्रवारी सकाळी कामाला निघण्याआधी मी दुकानात वही घेऊन बसले होते. गिरणीकामगाराच्या घरातली एक म्हातारी आली. तिनं गावाकडून ज्वारी उसनी आणली होती आणि ती जुन्या मापानंच परत करायची होती. किलो तिला मान्य नव्हते. "मापटं, चिपटं आन् निळवं," तिनं सांगितलं. आप्पांनी फळीवरची जुनी मापं काढून पुसली आणि ओळीत मांडली. पायली, अडशिरी, शेर, मापटं, चिपटं, कोळवं, निळवं. प्रत्येक माप पुढच्याच्या दुप्पट. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, तसंच पायलीपर्यंत.

आप्पांची जुनी शिस्त होती. एक माप दोनदा घालायचं नाही. दोनदा घालायची वेळ आली तर त्यावरचं माप उचलायचं, म्हणजे गिऱ्हाइकाची मोजणी चुकत नाही. आणि जे माप वापरलं ते ओळीत उताणं ठेवायचं, न वापरलेलं पालथं. गिऱ्हाइकानं नुसती ओळ बघावी आणि समजावं. त्या दिवशी मापटं उताणं, चिपटं उताणं, कोळवं पालथं, निळवं उताणं.

आहे, आहे, नाही, आहे.

निळव्यात मोजलं तर आठ, चार आणि एक. तेरा! मी ओरडलेच. म्हातारी दचकली.

"आप्पा, ह्यात आणखी एक निळवं घाला."

"कशाला गं?"

"घाला तर."

"दुसरं निळवं कसं घालू? दोन निळवी झाली की कोळवं झालं की." त्यांनी निळवं पालथं केलं आणि कोळवं उताणं केलं. झाला हातचा. लहानपणापासून मी हे बघत आले होते आणि साताऱ्यापर्यंत उपाशी जाऊन फळ्यावर शोधत होते. काखेत कळसा म्हणतात तो असा.

"आगं, शिकतीस तरी काय? मला कळंना झालंय," आप्पा म्हणाले.

"तुमचंच दुकान," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता थांबले. निळव्याच्या घराची हद्द दोन. दोन भरले की वरच्या घरात एक जातो. शाळेच्या पाटीवर हद्द दहा. आणि गुंठ्याची हद्द चाळीस. कर्णिक म्हणाले होते, गोदामाच्या कप्प्यात काय ठेवलंय ते कप्प्याला ठाऊक नसतं. म्हणजे ०२३० हे चार आकडे एकर-गुंठे आहेत हे कार्डाला ठाऊक नाही, मशीनला नाही, मुकादमालाही नाही. हद्द चाळीस आहे हे त्याला कुणी सांगितलं होतं?

त्या दिवशी ऑफिसात मी मशीनला हात लावला नाही. चारशे पावत्यांची बेरीज हातानं केली. एकर चारशे ऐंशी. गुंठे आठ हजार बारा. चाळीसनं भागलं की दोनशे एकर आणि वर बारा गुंठे. एकूण सहाशे ऐंशी एकर बारा गुंठे. सुभेदारांचे पाय बरोबर होते. मग तेच आठ हजार बारा मी शंभरनं भागले. ऐंशी एकर आणि वर बारा गुंठे. एकूण पाचशे साठ एकर बारा गुंठे. छापील कागदाशी आकड्याला आकडा.

मशीननं शंभर गुंठ्यांचा एकर केला होता. बेरजेत ते चुकलंच नव्हतं. ते बारा गुंठे दोन्हीकडं सारखेच उरल्यामुळं कागद कसा सोज्वळ दिसत होता बघा!

मग आणखी चार गावं काढली. जिथं एकेकाचे मोठे फड होते तिथं क्षेत्र थोडं घटलं होतं. जिथं वीस-तीस गुंठ्यांचे तुकडे, तिथं भरपूर. ज्याची जमीन थोडी, त्याचाच ऊस कागदावरून जास्त नाहीसा झाला होता. मला राग आला, आणि कुणाचा यावा ते कळेना.

पवारसाहेबांना सांगितलं. ते दोनदा भागाकार करून बघून म्हणाले, "कर्णिकांनी मान्य केलं तर मी टोळ्या हलवतो. तुमच्या वहीवर मला हलवता येणार नाही."

रविवारी पावत्यांची पिशवी मांडीवर घेऊन साताऱ्याला गेले. कराडच्या स्टँडवर एसटी पाऊण तास पंक्चर काढत थांबली. वर्ग सुरू झालेला होता. दारातूनच म्हटलं, "सर, मला फळा पाहिजे."

"वर्ग झाल्यावर बोलू, मिस मगदूम."

"सोमवारी आमची खोली बंद होणार आहे, सर. आत्ताच."

कर्णिकांनी खडू पुढं केला. मी दोन पट्ट्या मांडल्या, दोन एकर तीस गुंठे आणि एक एकर तीस गुंठे, खाली रेघ मारली. "तुमच्या मशीननं याची बेरीज काय दिली असती?"

"तीन पूर्णांक साठ. बरोबर आहे."

"गुंठे किती झाले की एकर होतो, सर?"

वर्गात सगळी आमच्याकडची पोरं, ऊस लावणाऱ्या घरातली. कुणीतरी मागून म्हणालं, "चाळीस की हो!" कर्णिक फळ्याकडं बघत राहिले. "मी शंभर धरले," ते हळूच म्हणाले. "सरकारी उताऱ्यावर हेक्टर आणि आर असतात. शंभर आरांचा हेक्टर. मला वाटलं, हे तसंच." वर्ग हसला. शहरातल्या शहाण्याला गुंठा माहीत नाही, याहून मोठी करमणूक आमच्याकडं नाही. मी मात्र हसले नाही. बाहीवर खडू पडला होता तो कर्णिकांनी झटकला नाही, हे मला दिसलं होतं.

त्यांनी वर्ग सोडून दिला. बाकावर बसून माझी सगळी बेरीज तपासली. मग शांतपणे विचारलं, "पण ही यादी जूनपासून तुमच्याकडे आहे. त्यात असे साठ, सत्तर, ऐंशी गुंठे छापलेले असणार. चाळीस गुंठे माहीत असलेल्या एकाही माणसाला ते दिसले नाहीत?"

"मला दिसले होते," मी म्हटलं.

"कधी?"

"जूनमध्येच."

त्यांनी तिथंच कागद घेऊन कारखान्याला पत्र लिहिलं. चूक प्रोग्रॅमची आहे, ती मी केली आहे, पंचिंग निर्दोष आहे, खाली पूर्ण सही. असं पत्र लिहिणारी माणसं मी पुढं फार पाहिली नाहीत. पत्र देताना म्हणाले, "जूनचं यात लिहिलेलं नाही." लिहू नका असं मी म्हटलं नव्हतं. लिहा असंही म्हटलं नाही.

प्रोग्रॅम दुरुस्त करायला त्यांना अर्धा दिवस लागला. आठवड्याभरात नवी यादी आली, टोळ्या हलल्या, मोठ्या फडांच्या गावांतून थोडी कुरकूर झाली. पंचरूम राहिली. साहेबांनी सगळ्या ऑफिससमोर माझं कौतुक केलं आणि मला कायम करायची शिफारस पाठवली. शैलानं पेढे वाटले. मी ते सगळं घेतलं.

एप्रिलमध्ये कारखाना बंद व्हायच्या आदल्या दिवशी सुभेदार आले. शिल्लक उसाची नोंद द्यायला. गावचा बाकी ऊस निघाला होता, त्यांची स्वतःची एक एकर दहा गुंठ्यांची पट्टी तेवढी उभी राहिली होती. शेवटची टोळी त्यांनी शेजारणीच्या फडात पाठवली होती. तिचा नवरा सरहद्दीवर होता.

काम झाल्यावर ते पंचरूमच्या दारात येऊन उभे राहिले. "मगदूमबाई तुमीच का? सायेब सांगत व्हतं, तुमी चूक धरली म्हनून." मी स्टूल दिलं. ते बसले नाहीत. मशीन बघितलं, एक कार्ड उजेडात धरून भोकांतून बाहेर पाहिलं. मग म्हणाले, "एक इचारू? तुमाला ही गडबड पयल्यांदा कवा दिसली?"

जानेवारीत, असं म्हणता आलं असतं. ऑफिसात सगळ्यांना तेच माहीत होतं. शैलानं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"जूनमध्ये," मी म्हटलं. "साठ गुंठे छापलेले बघितले होते. बोलले नाही."

"का?"

"डोकं चालवायचं नाही असा नियम होता. आणि नोकरीची भीती होती."

सुभेदारांनी कार्ड जागेवर ठेवलं, कडा जुळवून. "जून," ते म्हणाले. "तवा ऊस माज्या छातीलाबी लागला नव्हता." मग दाराकडं वळले. "सच बोलला, ते बरं क्येलं. पर बाई, सायबानं दिली तशी शाबासकी म्या देनार न्हाई."

आणि ते गेले. त्या एका वाक्यानं मला जी लाज वाटली ती आजही तेवढीच ताजी आहे. त्यांनी पाठ थोपटली असती तर मी ती घेऊन सुखानं घरी गेले असते, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा पान उलटलं असतं, याची मला खात्री आहे. त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत मी भांडखोर बाई म्हणून प्रसिद्ध झाले. आकडा खटकला की उठायचं आणि ज्याचा आहे त्याच्या टेबलापुढं जाऊन उभं राहायचं. दहापैकी सात वेळा चूक माझीच निघायची, माघारी यायचे. पण जायचे.

पुढच्या हंगामाची नोंदणी सुरू झाली. चिटबॉय सुभेदारांच्या गावात जाऊन आला, तो त्यांची पावती न घेताच. म्हणाला, "लिवून घेतली, पन देत न्हाईत. म्हनत्यात, माझं म्या बघतो." दुसऱ्या दिवशी भर उन्हात सायकलवर चौदा मैल येऊन सुभेदार पंचरूमच्या दारात उभे राहिले. घामानं भिजलेल्या खिशातून त्यांनी पावती काढली, मशीनवर ठेवली नाही, टेबलावर ठेवली नाही, माझ्या हातात दिली.